विष्णुपुरीच्या वाटेवर : काल काय जेवलात?

नांदेड शहर मागे टाकून लातूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात विष्णुपुरी येते. गोदाकाठचे हे गाव तसे लहान. परंतु गेल्या चार-साडेचार दशकांत त्याच्या नावावर पुष्कळ काही जमा झाले आहे. १९८१ मध्ये येथे श्री गुरू गोविंदसिंहजींच्या नावाची अभियांत्रिकी संस्था निघाली. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मुक्तिसंग्रामाच्या दिवशीच, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. शंकरराव चव्हाणांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालयही येथेच आहे. आणि या सर्वांच्या पलीकडे गोदावरी अडवून केलेला विष्णुपुरीचा बंधारा, त्याचा शंकरसागर जलाशय आणि उंचावरच्या शेतांना पाणी चढवणारे पंप. काठावरच्या काळेश्वराच्या मंदिरापाशी उभे राहिले की पाणी दूरवर पसरलेले दिसते. मार्गशीर्ष संपत आला होता. सकाळी पाण्यावरून येणारा वारा अंगाला झोंबत होता आणि भाविक स्त्रिया थंडीने आखडलेल्या हातांनी दिवे लावत होत्या.

मी मात्र दर्शनापेक्षा वेगळ्याच कामासाठी आले होते. माझ्या पिशवीत एक कागद होता, त्यावर दहा ओळी आणि प्रत्येक ओळीपुढे ‘होय’ व ‘नाही’ अशी दोन घरे. गृहविज्ञान शिकवण्यात उभे आयुष्य गेले, त्यात आहाराची पाहणी म्हणजे तराजू, वजने आणि शिजवण्यापूर्वी मोजलेली डाळ-तांदूळ असेच आम्हाला ठाऊक. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या पुढाकाराने १९७२ पासून अनेक राज्यांत, महाराष्ट्रातही, अशा पाहण्या होत आल्या. पाहणीदार पहाटे घरी हजर, गृहिणीने पीठ मळण्याआधी ते तोलायचे. माहिती उत्तम मिळे. पण एवढी माणसे, एवढा वेळ आणि एवढा पैसा दरवर्षी प्रत्येक गावासाठी कोठून आणायचा? हा दहा ओळींचा कागद त्या अडचणीतून जन्मला. जागतिक अन्न व कृषी संघटनेने त्याची मार्गदर्शिका २०१६ मध्ये काढली. पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रीला विचारायचे : काल दिवसभरात आणि रात्री आपण काय काय खाल्लेत? तिचे उत्तर दहा अन्नगटांत बसवायचे. पाच किंवा अधिक गट भरले तर आहार किमान वैविध्याचा मानायचा.

पाच हा आकडा हवेतून आलेला नाही. अनेक देशांतील स्त्रियांच्या आहाराची तपशीलवार मोजमापे ताडून पाहिली, तेव्हा पाच गटांच्या पुढे गेलेल्या स्त्रियांना लोह, कॅल्शियम, जस्त, ‘अ’ आणि ‘क’ जीवनसत्त्वे, फोलेट अशी अकरा सूक्ष्म पोषकद्रव्ये पुरेशी मिळण्याची शक्यता अधिक असते, असे आढळले. तराजू नाही, गणित नाही. अंगणवाडीच्या ओट्यावर बसून दहा मिनिटांत होणारे काम. मला ते पटले होते. तरीही, मराठवाड्यातल्या ताटाला हा कागद पुरतो का, हे स्वतः पाहिल्याशिवाय राहवेना. विष्णुपुरीच्या परिसरात माझी एक जुनी विद्यार्थिनी अंगणवाडीसेविका आहे. तिच्यासोबत चार घरे फिरायची, एवढाच बेत होता. याला पाहणी म्हणू नये. चार घरांवरून गावाचा निष्कर्ष काढणे म्हणजे शितावरून भात नव्हे, शितावरून शेत ओळखण्यासारखे होईल.

निघण्यापूर्वी परीक्षा स्वतःची घेतली. आदल्या दिवशी नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये दुपारी जेवले होते : पोळी, डाळ, बटाट्याची भाजी, खीर. सकाळी पोहे, रात्री खिचडी. पोळी, पोहे, तांदूळ आणि बटाटा हे सारे एकच गट! आपण बटाट्याला भाजी म्हणतो. हा कागद त्याला धान्याच्या पंक्तीत बसवतो, कारण शरीराला त्यातून मुख्यतः पिष्टच मिळते. डाळीचा दुसरा, खिरीतल्या दुधाचा तिसरा. पोह्यांतले मूठभर शेंगदाणे डाळींत नव्हे, कठीण कवचाच्या फळांत व तेलबियांत मोजतात, म्हणून चौथा. कोथिंबीर, मिरची, लिंबू यांना गुण नाहीत. चार. आहारशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका नापास.

पहिले घर बंधाऱ्यापासून जवळच. अंगणात दहा महिन्यांचे मूल गुडघ्यांवर धावत होते. त्याची आई विशीतली, डोक्यावरचा पदर सावरत उंबऱ्याशी बसलेली, सासूबाई बाजेवर. मी प्रश्न सुनेला विचारला आणि उत्तर बाजेवरून आले.

“काल नं? सकाळी भाकर आन् वरण, ठेचा. सांजच्याला भात, वांग्याचं कोरड्यास. आन् अंडी केलती.”

कागदावर मी धान्य, डाळ, इतर भाज्या आणि अंडी अशा चार खुणा केल्या. माझ्या विद्यार्थिनीने हळूच माझ्या हाताला स्पर्श केला आणि सुनेकडे वळून विचारले, “वहिनी, अंडं तू खाल्लंस का?”

ती हसली. मुलाला उचलून मांडीवर घेतले आणि त्याच्या नाकाशी बोट नेत म्हणाली, “तीनच होती की. ह्यांना, मामंजींना आन् मोठ्याला.”

सासूबाईंच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नव्हता, आणि तो का असावा? त्यांनीही खाल्ले नव्हते. अंडे गेले, धान्य, डाळ, वांगी असे तीन उरले. वरणाचीही मला शंका होती. नियम असा की पंधरा ग्रॅमहून कमी, म्हणजे साधारण मोठा चमचाभर खाल्लेला पदार्थ मोजायचा नाही. तळाचे घट्ट वरण कोणाच्या वाटीत गेले आणि वरचे पाणी कोणाच्या, हे कागदाला दिसत नाही. चहातले दूध मोजले नाही. घोटभर चहात ते चवीपुरतेच असते. चहाबरोबर दोन बिस्किटे होती, ती गोड पदार्थांत जातात. त्यांना दहांपैकी एकही घर नाही.

घरात काय शिजले आणि बाईने काय खाल्ले, या दोन प्रश्नांत एवढे अंतर असते, हे मी पुस्तकातून शिकवले होते. वास्तविक मला ते त्याआधीपासून ठाऊक होते. आमच्या घरी आई सर्वांत शेवटी जेवायची. पातेल्याच्या बुडाची खरवड तिला आवडते, असे आम्ही भावंडे कितीतरी वर्षे समजत होतो. म्हणून माझे मत असे झाले आहे की हा कागद भरताना घरातल्या वडीलधाऱ्यांना दुसऱ्या कामाला लावावे आणि प्रश्न त्या बाईलाच, शक्यतो एकटीला, विचारावा. अन्यथा आपण घराच्या चुलीची नोंद करतो आणि बाईच्या नावावर लावतो. या सुनेच्या तपासणीच्या कार्डावर हिमोग्लोबिनचा आकडा नऊच्या आतबाहेर होता. ती एकटी नव्हे. २०१९ ते २१ दरम्यान झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या आतील ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली.

मग बाळाची पाळी. सहा महिने ते दोन वर्षांच्या आतील मुलांसाठी गट आठ, आणि त्यांतही पाच भरले पाहिजेत. पहिला गट आईचे दूध. मुलांच्या बाबतीत पंधरा ग्रॅमची अट नाही. दोन घास खाल्ले तरी खूण करायची, कारण त्यांचे पोटच तेवढे. बाळाने काल आईचे दूध घेतले होते, मऊ भात खाल्ला होता, त्यावर वरणाचे पाणी. पाण्याला डाळ म्हणावे का, यावर आम्हा दोघींचा थोडा वाद झाला आणि शेवटी म्हणू नये असे ठरले. दोन गट. “दातच चार आहेत, भाजी कशी द्यावी?” असे त्या आईने विचारले. प्रश्न रास्त होता. माझ्या विद्यार्थिनीने चुलीजवळ जाऊन वांग्याची उरलेली फोड बोटांनी मऊ कुस्करली, तिखट रस्सा निथळून टाकला, भातात मिसळली आणि भरवली. बाळाने तोंड वाकडे केले, पुन्हा आ केला. हे प्रात्यक्षिक भिंतीवरच्या तक्त्यापेक्षा कितीतरी मोलाचे. त्याच राष्ट्रीय पाहणीनुसार देशात या वयाच्या जेमतेम ११.३ टक्के मुलांना गटांच्या आणि वेळांच्या दृष्टीने पुरेसा आहार मिळतो. हा केवळ दारिद्र्याचा हिशेब नव्हे. पुष्कळ घरी वांगे असते, डाळ असते, अंडेही असते. ते मुलाच्या घासापर्यंत येत नाही.

जलाशयावर मासेमारी करणाऱ्या एका कुटुंबाचे घर पुढच्या वळणावर होते. जाळे वाळत टाकलेले, घर पहिल्यापेक्षा लहान, दाराला पोत्याचा पडदा. मी मनातल्या मनात येथे आकडा आणखी कमी येईल असे धरून चालले होते. पाहणीदाराने मनात काही धरून जाऊ नये, हा नियम मीच शिकवत असे! घरच्या बाईने मोकळेपणाने सांगितले : मोठी मासळी व्यापाऱ्याला, बारीक घरी. बारीक मासळीचे कालवण, भाकर, अंबाडीची भाजी डाळ घालून, आणि शेजारच्या मळ्यातून आणलेले पेरू. धान्य, मासे, हिरवी पालेभाजी, डाळ, फळ. पाच भरले. सव्वा वर्षाच्या मुलीलाही काटे काढून मासा दिला होता, भाजीत कुस्करून भाकर दिली होती, अंगावरचे दूध चालूच होते. तिचेही पाच गट भरले. बारीक मासळी काट्यांसकट चावून खाल्ली जाते, त्यातून कॅल्शियमही मिळते. व्यापाऱ्याने नाकारलेले ते या घराने ठेवून घेतले होते, आणि पोषणाच्या दृष्टीने तो सौदा वाईट नव्हता.

तिसऱ्या घरी त्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवारचा उपवास सुटणार होता. आदला दिवस साधा होता. भाकर, पिठले, कांदा. मात्र तेथे एक गंमत मनात आली. उपवासाच्या दिवशी साबुदाणा, भगर, रताळे आणि बटाटा या चौघांनी मिळून धान्य-कंदांचा एकच गट भरतो. पण शेंगदाण्याचे कूट दुसरा, दही तिसरा आणि केळे चौथा देते. म्हणजे आपल्या पुष्कळ भगिनींचा उपवासाचा दिवस रोजच्या दिवसापेक्षा वरचढ! केळ्याची येथे वाण नाही. अर्धापूर जवळ, बाजारात केळ्यांचे घड लटकलेले असतात. पिकलेले केळे फळांत मोजतात. भाजीचे कच्चे केळे मात्र बटाट्याच्या शेजारी धान्यगटात जाऊन बसते.

चौथे घर बंद होते.

परतताना विद्यार्थिनीने जे सांगितले, ते येथे नोंदवते. घरी नेण्यासाठी मिळणारा शिधा मातेच्या नावाने जातो आणि घरातल्या डब्यात मिसळतो. मग त्याची वाटणी घराच्या रीतीने होते. नांदेड जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, किनवटच्या आदिवासी भागात, अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे गरम जेवण अंगणवाडीतच देतात, मुलांना अंडे किंवा केळे. ती म्हणाली, “बाई, तिथं ती समोर बसून खाते. कुणाला देऊन टाकता येत नाही.” योजनेत अडचणी असतीलच, परंतु ताट कोणापुढे ठेवले जाते, हा मुद्दा तिने नेमका धरला होता.

दुसऱ्या दिवशी एसटीने लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गाने लातूरकडे निघाले. वेळा अमावास्या होती. आमच्याकडे तिला येळवस म्हणतात, आणि त्या दिवशी लातूर, धाराशिवकडची गावे ओस पडतात, कारण सारी माणसे शेतात असतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हरभरा, मधूनच निसवलेली ज्वारी, कापून ठेवलेल्या तुरीचे ढीग. माझ्या लहानपणी या वाटेवर काटेरी करडईचे पट्टे दिसत. ते आता शोधावे लागतात. खरिपात तर जिकडे तिकडे सोयाबीन. त्याने शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा दिला, हे कोणी नाकारू नये. परंतु ज्वारीच्या ओळींमध्ये तूर, मूग, उडीद, तीळ, कारळे, बांधाला अंबाडी आणि भोपळ्याचा वेल असे जे शेत असे, त्यातले निम्मे घरच्या चुलीकडे येई. सोयाबीन बाजार समितीकडे जाते, तेथून तेलाच्या गिरणीकडे. चुलीकडे त्यातले फारसे काही वळत नाही. प्रथिनांनी भरलेल्या पिकाच्या मधोमध बसून पिठल्यावर भागवणारी घरे मी पाहिली आहेत.

माहेरच्या नात्यातल्या एका वहिनींच्या शेतात पोचले, तेव्हा कडब्याची कोप उभारून पांडवांची पूजा झाली होती. डोक्यावरून आणलेली आंबिलाची बिंदगी सावलीत ठेवली होती. पंगत बसली. भज्जी म्हणजे काय, हे मराठवाड्याबाहेरच्या वाचकांना सांगितले पाहिजे : तुरीचे, वाटाण्याचे, वालाचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, शेंगदाणे, गाजर, वांगी, मेथी, पालक, चुका, कांद्याची पात, जे शेतात असेल ते एकत्र शिजवून बेसन आणि चिंचेने दाट केलेली भाजी. सोबत ज्वारी-बाजरीचे उंडे, भाकरी, आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील. मी खिशातला कागद काढला नाही, पण बोटे आपोआप मोजू लागली. धान्य, डाळ, शेंगदाणा, ताक, हिरवा पाला, गाजर, वांगे, आणि पोरांनी आणून दिलेली बोरे. आठ! फक्त अंडे आणि मांसमासळी नव्हती. दहांपैकी आठ गट, तेही दोन पदार्थ आणि मूठभर बोरांत.

म्हणूनच अशा दिवसांपासून सावध राहावे लागते. एखाद्या सर्वेक्षणाने येळवशीच्या दुसऱ्या दिवशी लातूर जिल्ह्यात प्रश्न विचारले, तर जिल्हा देशात पहिला येईल. वैशाखात विचारले तर आकडा कोसळेल. दोन वर्षांची तुलना करायची तर ऋतू तोच हवा. आणि आणखी एक गोष्ट, जी आपल्यासारख्या कुटुंबांनी विशेष ध्यानात ठेवावी : ही मोजणी समूहाची आहे. शंभर स्त्रियांपैकी किती जणींचे पाच गट भरले, एवढेच ती सांगते. एखाद्या सुनेचे, मुलीचे काल तीन गट भरले म्हणून ती कुपोषित ठरत नाही आणि सहा भरले म्हणून निरोगीही नाही. काल कदाचित तिला भूक नसेल. हा कागद घराच्या भिंतीवर लावून बायकांना गुण देऊ नयेत. मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने किमान आहारवैविध्याला शाश्वत विकास उद्दिष्टांच्या निर्देशकांत स्थान दिले, स्त्रियांसाठी आणि दोन वर्षांच्या आतील मुलांसाठी. आजवर भुकेचा हिशेब बहुधा पोट भरले की नाही, यावर होत असे. आता पोट कशाने भरले, हेही देशांना सांगावे लागेल. ते सांगताना प्रश्न बाजेवरच्या माणसाला विचारला की उंबऱ्यावरच्या, यावर पुष्कळ अवलंबून राहील.

संध्याकाळी वहिनींच्या घरी भज्जीचे मोठे पातेले अजून अर्धे होते. “ऊन करून तीन दिवस खातो. मुरली म्हणजे जास्त गोड लागते,” त्या म्हणाल्या. मी त्यांना विष्णुपुरीची हकीकत सांगितली, कागद दाखवला. त्यांनी तो चष्मा लावून सावकाश वाचला आणि परत दिला.

“आज आठ म्हणालात नं, वन्सं? उन्हाळ्यात या आन् मग मोजा.”

“उन्हाळ्यात काय असतं मग?”

त्या उठून माळवदावर गेल्या आणि एक जुने लुगडे घेऊन खाली आल्या. त्यात हरभऱ्याचा खुडलेला कोवळा पाला वाळत घातला होता, अजून अर्धा हिरवा. संक्रांतीपर्यंत अशी पाच-सहा गाठोडी करून उतरंडीत ठेवायची, आणि विहिरीचे पाणी आटून माळवे बंद झाले की मूठभर काढून, भिजवून, डाळीच्या कण्या घालून शिजवायचा. त्यांच्या सासूबाई करत, म्हणून त्या करतात. सून करील का, हे त्यांना सांगता येईना. तिला बाजारातून आणणे सोपे पडते, आणि नोकरी सांभाळून हे करायचे कधी, हेही त्यांना कळत होते.

निघताना त्यांनी एका पिशवीत गेल्या साली वाळवलेला पाला बांधून दिला. परतीची गाडी विष्णुपुरीवरून जाणार होती. मी वाहकाला थांबा सांगून ठेवला आणि पिशवी मांडीवर घेऊन बसले.